सर्व्हर कुणाच्या नावावर चालतो?



महिन्यापूर्वी या व्याख्यानमालेच्या संयोजकांचा फोन आला आणि त्यांनी विषय विचारला. मी म्हणालो, "सर्व्हर कुणाच्या नावावर चालतो?" आवाज नीट पोचला नसावा. ते म्हणाले, "सर्व्हे नंबर? म्हणजे जमिनीवर बोलणार का?" मी त्यांना खरा विषय सांगितला. पण नंतर वाटलं, त्यांच्या कानांनी अर्धा विषय बरोबर पकडला होता. आपल्या वाळूज, रांजणगाव, जोगेश्वरीच्या पट्ट्यात जमीन कुणाच्या नावावर, कब्जा कुणाचा, इतर हक्कांत कोण बसलंय, हे लहान पोरालाही कळतं. संगणकावर चालणाऱ्या सेवेबद्दल हेच तीन प्रश्न विचारायचे असतात आणि ते आपण विचारत नाही. आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी दोन वर्षं काढली. समोर बसलेल्यांपैकीही काहींनी काढली आहेत. टूल स्टोअरची ती खिडकी आठवा. प्रत्येक पोराला पितळी बिल्ले मिळायचे, बिल्ल्यावर त्याचा नंबर. व्हर्निअर हवा असेल तर बिल्ला द्यायचा. व्हर्निअरच्या खिळ्यावर तुमचा बिल्ला लटकायचा. संध्याकाळी फळीकडे पाहिलं की कोणती वस्तू कुणाकडे आहे, हे एका नजरेत कळायचं. आणि सरांचाही स्वतःचा बिल्ला होता. स्टोअरची किल्ली त्यांच्याच खिशात असायची. तरी ते खिडकीपाशी यायचे, बिल्ला द्यायचे आणि मग मायक्रोमीटर घ्यायचे. मला तेव्हा ते चमत्कारिक वाटायचं. मालकच असा रांगेत का उभा राहतो? याचं उत्तर मला वर्कशॉपमध्ये मिळालं नाही. ते पुढे सर्व्हर सांभाळताना मिळालं, आणि महागात मिळालं.

आधी दोन शब्द स्पष्ट करतो, कारण इथे सगळेच संगणकवाले नाहीत. सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातल्या कपाटात घरघरणारा डबा, असं आपण समजतो. तो डबा झाला यंत्र. मी बोलतोय ते त्या यंत्रावर रात्रंदिवस चालणाऱ्या प्रोग्रामबद्दल: स्टॉकचा हिशेब ठेवणारा, लेबलं छापणारा, ग्राहकाकडून येणारी ऑर्डर उचलणारा. हे प्रोग्राम समोर कुणी बसलेलं नसतानाही चालतात. पण यंत्राच्या दृष्टीनं प्रत्येक प्रोग्राम कुणाच्या तरी नावावर चालतो. त्या नावाला खातं म्हणतात आणि खात्याला एक क्रमांक असतो. लिनक्सवर शून्य क्रमांकाचं खातं म्हणजे 'रूट'. बाकी सगळ्यांना फाइल उघडताना विचारलं जातं: तुला परवानगी आहे का? शून्याला हा प्रश्न विचारला जात नाही. विंडोजवर याच्या जवळचं नाव 'लोकल सिस्टिम'.

आता प्रश्न असा. नवा प्रोग्राम बसवताना तो कुणाच्या नावावर चालवायचा, हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा कुणीच ठरवत नाही. बसवणारा मुलगा शनिवारी संध्याकाळी येतो. त्याला रात्रीची बस गाठायची असते. आपलीही घरी जायची घाई असते. प्रोग्राम ज्या नावावर आपसूक चालू होईल, त्या नावावर तो राहतो. या आपसूक ठरणाऱ्या गोष्टीला आपण डीफॉल्ट म्हणतो. तो मुलगा पुढे नोकरी बदलतो, आपण दुसऱ्या विभागात जातो, कंपनीचं नावसुद्धा बदलतं, पण डीफॉल्ट तसाच राहतो.

माझ्याबाबतीत काय घडलं ते सांगतो. बरीच वर्षं झाली. इथल्याच एका कारखान्यात मी सर्व्हर बघत होतो. गिऱ्हाइकाकडे माल जाताना प्रत्येक बिनवर बारकोडचं लेबल लागायचं. लेबल नसेल तर पलीकडच्या गेटवर गाडी आत घेत नसत. लेबल छापणारा प्रोग्राम रूटच्या नावावर चालत होता, कारण बसवताना दुसऱ्या नावावर तो 'चालत नव्हता'. त्याच्या जुन्या नोंदी साचून डिस्क भरायची म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: रोज रात्री अमुक फोल्डरमधलं सगळं पुसून टाक. फोल्डरचं नाव एका सेटिंगच्या फाइलमधून यायचं. एका रात्री डिस्क काठोकाठ भरली आणि ती सेटिंगची फाइलच कोरी झाली. आज्ञेतलं फोल्डरचं नाव गळालं. उरलं काय? 'सगळं पुसून टाक.'

रूटच्या नावावर चालणाऱ्या स्क्रिप्टनं ते पुसलं. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. पहाटे मला फोन आला तेव्हा भरलेल्या गाड्या आतल्या रस्त्यावर उभ्या होत्या आणि ड्रायव्हर गेटजवळच्या टपरीवर चहा पीत बसले होते. सर्व्हर पुन्हा उभा करायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. चूक माझी होती, ती मी तेव्हाही कबूल केली. पण त्या दिवशी एक गोष्ट मला पक्की कळली. माझ्यासारखा माणूस पुन्हा चुकणार. मी नाही तर दुसरा चुकेल. तीच स्क्रिप्ट जर लेबल प्रोग्रामच्या साध्या खात्यावर चालली असती, तर यंत्रानं हजार वेळा 'परवानगी नाही' असं सांगितलं असतं, आणि फार तर लेबलांच्याच काही फाइली गेल्या असत्या. त्या परत आणणं तासाभराचं काम होतं. 'परवानगी नाही' हे शब्द स्क्रीनवर दिसले की आपण वैतागतो. त्या रात्री ते शब्द उमटले असते, तर गाड्या वेळेवर सुटल्या असत्या.

आता मुद्द्यांकडे येतो. पहिला मुद्दा: रूटवर चालवण्याची ही सवय लागली कुठून?

ती निव्वळ आळसातून लागलेली नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. जुन्या युनिक्सवर एकेका यंत्रावर विद्यापीठातले शेकडो लोक काम करायचे. तिथे एक नियम झाला: १०२४ च्या खालचे दरवाजे, म्हणजे पोर्ट, फक्त रूटनं उघडायचे. हेतू चांगला होता. कुण्या विद्यार्थ्यानं आपलाच प्रोग्राम टपालसेवेच्या जागी बसवून लोकांना फसवू नये. पण मेलचा दरवाजा २५, वेबचा ८०. दोन्ही १०२४ च्या आतले. म्हणजे काय झालं? जगातल्या कुणाही अनोळखी माणसाशी बोलणारा प्रोग्राम सुरुवातीला तरी सर्वाधिकारी खात्यावर चालवणं भाग पडलं. गेटवर येणाऱ्या प्रत्येक आगंतुकाशी बोलणाऱ्या रखवालदाराच्या कमरेला अख्ख्या कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा!

जाणत्यांना हे खटकत नव्हतं का? खटकत होतं. १९७५ साली जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी मांडलेलं एक तत्त्व असं: प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून अधिक नकोत. त्याच निबंधात आणखी एक तत्त्व आहे, आणि आजच्या विषयाला ते जास्त लागू पडतं: आपसूक उत्तर 'नाही' असावं, आणि 'हो' म्हणायला कारण द्यावं लागावं. १९७५! बजाजचा वाळूजचा कारखाना उभा राहिला १९८५ साली. म्हणजे आपली ही औद्योगिक वसाहत नावारूपाला येण्याच्या आधी हे लिहून झालं होतं.

तरी जगानं ते कानाआड केलं आणि त्याची किंमत मोजली. १९ जुलै २००१. 'कोड रेड' नावाचा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टच्या वेबसर्व्हरमधल्या एका भोकातून शिरला आणि १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रांवर पसरला. भोक होतं वेबसर्व्हरच्या एका जोडभागात. पण तो जोडभाग सिस्टिमच्या नावावर चालत होता, त्यामुळे आत शिरणाऱ्याला एकदम सगळं घर मिळालं. पुढे २००३ च्या विंडोज सर्व्हरमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या वेबसर्व्हरचं काम 'नेटवर्क सर्व्हिस' या कमी अधिकारांच्या खात्याकडे दिलं. नवा कायदा आला नाही, कुणी शपथा घेतल्या नाहीत. फक्त आपसूक मिळणारं नाव बदललं, आणि असंख्य ठिकाणी काहीही न करता धोका कमी झाला. डीफॉल्टची ताकद ही अशी असते.

दुसरा मुद्दा मला फार जवळचा आहे, कारण तो आपल्या मातीतला आहे.

रूट नको, मग कोण? युनिक्सच्या जगात एक उत्तर तयार होतं. 'नोबडी' नावाचं एक खातं. नोबडी म्हणजे कुणीच नाही. सन कंपनीच्या नेटवर्कवरच्या फाइलव्यवस्थेत ते असं वापरत: दुसऱ्या यंत्रावरून कुणी 'मी रूट आहे' म्हणत आला, तर त्याला आत 'कुणीच नाही' समजायचं. किती शहाणपणाची युक्ती! तू तुझ्या घरचा पाटील असशील, आमच्या गावात तू साधा पाहुणा. या खात्याच्या मालकीचं काहीही नसावं, हाच त्याचा अर्थ होता.

मग लोकांनी काय केलं? वेबसर्व्हर 'कुणीच नाही'च्या नावावर चालवला. अपाचेच्या सेटिंगच्या फाइलीत बराच काळ हेच नाव असायचं. वेबसर्व्हर झाला, मग दुसरी सेवा त्याच नावावर, मग तिसरी, मग चौथी. हळूहळू 'कुणीच नाही'च्या मालकीच्या फाइली झाल्या, पासवर्ड झाले, डेटा झाला. ज्याच्या नावावर काहीच असू नये, त्याच्या नावावर निम्मं गाव झालं.

तुम्ही हे पाहिलेलं आहे. आपल्याकडे याला गायरान म्हणतात. कुणा एकाचं नाही म्हणून सोडलेली जमीन. गावाची गुरं चरावीत म्हणून ठेवलेली. पण कुणाचीच नाही म्हटल्यावर आधी एक टपरी येते, मग पत्र्याची शेड, मग पक्कं बांधकाम, आणि एके दिवशी कळतं की तिथे कोण बसलंय, कुणाच्या परवानगीनं बसलंय, हे सांगू शकणारा माणूसच उरलेला नाही. 'नोबडी'चं असंच गायरान झालं. कारण खात्याचा नियम साधा आहे: एकाच नावावर चालणारे दोन प्रोग्राम एकमेकांच्या फाइली वाचू शकतात, एकमेकांना बंद पाडू शकतात. पाच सेवा एका नावावर असतील, तर सगळ्यांत कच्च्या सेवेचं कुंपण तेच बाकी चारींचंही कुंपण. एक वाकलं की गुरं सगळ्या शेतांत.

म्हणून माझं ठाम मत आहे की सामाईक 'कुणीच नाही' हे खातं सेवेसाठी वापरूच नये. रूटपेक्षा बरं, असं लोक म्हणतात. बरं आहेच. पण दोन रात्री उपाशी राहण्यापेक्षा एक रात्र उपाशी राहणं बरं, तशातलं हे बरं.

मग योग्य उत्तर कोणतं? हा तिसरा मुद्दा, आणि तो सांगायला सोपा आहे. प्रत्येक सेवेला तिचं स्वतःचं खातं. प्रत्येक पोराला त्याचा बिल्ला.

हे जगात झालेलं आहे, आजही होत आहे. डेबियनवर वेबसर्व्हरसाठी ३३ क्रमांकाचं स्वतंत्र खातं असतं, रेड हॅटवर अपाचेचं ४८ क्रमांकाचं. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर आणखी पुढे जातो. तुम्ही तो रूटच्या नावावर चालवायला गेलात, तर तो सुरू व्हायलाच नकार देतो. मला हा नकार फार आवडतो. माहितीपत्रकात सूचना छापून ठेवणं वेगळं आणि दारात आडवं उभं राहणं वेगळं. शनिवारच्या घाईतल्या त्या मुलाला माहितीपत्रक अडवत नाही, पोस्टग्रेस अडवतो.

खात्यानं किती फरक पडतो, याचं सगळ्यांत उघडं उदाहरण 'रेडिस'चं आहे. हा माहिती झटपट हाताशी ठेवणारा एक प्रोग्राम. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो लिहिणाऱ्या साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन माणसानं स्वतःच लोकांना दाखवून दिलं की पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा ठेवलेला रेडिस कसा फोडता येतो. रेडिसला आपला डेटा कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावानं साठवायचा, हे बाहेरून सांगता येतं. हल्लेखोरानं सांगायचं: ज्या फाइलीत लॉगिनच्या विश्वासू किल्ल्या असतात, त्या फाइलीच्या नावानं साठव, आणि डेटा म्हणून माझी किल्ली घे. रेडिस रूटवर चालत असेल, तर तो निमूटपणे रूटच्या घरात परक्याची किल्ली ठेवून येतो. पुढच्या मिनिटाला परका माणूस पुढच्या दारानं, अधिकृतपणे, आत! तोच रेडिस स्वतःच्या साध्या खात्यावर असेल, तर रूटच्या फोल्डरपाशी त्याला उत्तर मिळतं: परवानगी नाही. भोक तेच, हल्लेखोर तोच, पासवर्डही दोन्हीकडे नाही. फक्त नाव वेगळं. एकीकडे एका सेवेतला डेटा गेला, दुसरीकडे अख्खं यंत्र गेलं.

इथे एक सावधगिरीचा शब्द. स्वतंत्र खातं म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. जो डेटा सेवेला वाचता-लिहिता येतो, तो त्या सेवेत शिरलेल्यालाही वाचता-लिहिता येणारच. डेटाबेसच्या खात्यावर ताबा मिळवणारा डेटाबेस खराब करू शकतो. म्हणून बॅकअप त्याच खात्याच्या हातात ठेवू नका. दुसऱ्या यंत्रावरच्या दुसऱ्या खात्यानं येऊन प्रत घेऊन जावं, आणि त्या प्रतीवर लिहायचा अधिकार पहिल्याला अजिबात नसावा. हे मी अनेकदा सांगतो आणि अनेकदा लोक मान डोलावून विसरतात, म्हणून परत सांगतो: बॅकअपचं खातं वेगळं!

आता आपल्या घरच्या गोष्टी. चौथा मुद्दा.

रविवार, २१ मार्च २०२१. मध्यरात्रीनंतर अडीचची वेळ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या प्रणाली बंद पडल्याच्या सूचना येऊ लागल्या. आपण ज्या जमिनीवर आत्ता बसलो आहोत, तिचं नियोजन करणारं, आपल्याला प्लॉट आणि पाणी देणारं हे महामंडळ. दिवसभराच्या तपासानंतर कळलं की खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आहे. मुंबईच्या मुख्यालयातल्या सर्व्हरवरचा डेटा त्यानं कुलूपबंद करून टाकला, आणि वेगवेगळ्या कार्यालयांतल्या काही संगणकांनाही लागण झाली. सोबत खंडणीची चिठ्ठी. त्या चिठ्ठीत रकमेचा थेट उल्लेख नव्हता, असं महामंडळानं सांगितलं. ज्यांची त्या आठवड्यात कामं अडकली, त्यांना ते दिवस चांगले आठवत असतील.

या घटनेकडे मी कुणाला दोष देण्यासाठी बोट दाखवत नाही. मी एक साधी गोष्ट लक्षात आणून देतो. खंडणीखोर सॉफ्टवेअर हाही एक प्रोग्रामच. तोही कुणाच्या तरी नावावर चालतो. ज्या खात्यावर तो चालतो, त्या खात्याला जेवढ्या फाइलींवर लिहिता येतं, तेवढ्याच तो कुलूपबंद करू शकतो. म्हणजे तो आपल्या कारखान्यात शिरला तर कुठपर्यंत जाईल, याची रेषा तो यायच्या कितीतरी आधी आपण आखून ठेवलेली असते. कुठल्या तरी शनिवारी, बसच्या घाईत.

दुसरी घटना २७ जून २०१७ ची. आपला माल कंटेनरमध्ये भरून न्हावाशेव्याला जातो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी 'नॉटपेट्या' नावाच्या किड्यानं मर्स्क या जहाज कंपनीला जगभर गाठलं आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला किडा, आणि गाड्या खोळंबल्या उरणच्या रस्त्यावर! मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. हा किडा इतका पसरला कसा? एक वाट होती विंडोजमधल्या भोकाची. ती ज्यांनी बुजवली होती, तेही सुटले नाहीत, कारण दुसरी वाट खात्यांची होती. एका यंत्रावर मोठ्या अधिकारांचं खातं वापरात असेल, तर त्याच्या ओळखीच्या खुणा यंत्राच्या स्मृतीत असतात. किडा त्या उचलायचा आणि त्याच नावानं शेजारच्या यंत्रावर जायचा. शेजारचं यंत्र म्हणायचं, साहेब आले, या आत. एका डोमेन ॲडमिनच्या, म्हणजे जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांवर अधिकार असलेल्या खात्याच्या, नावावर बॅकअपपासून प्रिंटरपर्यंत सगळ्या सेवा चालवणाऱ्यांनी ही गोष्ट उशाशी घेऊन झोपावं.

कंटेनरचा विषय निघालाच आहे. हा शब्द आता सॉफ्टवेअरवाल्यांनीही उचलला आहे. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि प्रोग्राम बंद पेटीत घालून हवा तिथे चालवायची सोय झाली. फार उपयोगाची गोष्ट. पण पेटीतला प्रोग्राम आपसूक कुणाच्या नावावर चालतो? रूटच्या! तीस-चाळीस वर्षांत जे शिकलो, ते पेटी बंद करताना बाहेरच राहिलं. पेटी बंद आहे ना, मग आतला राजा काय करणार, असं लोक म्हणत. फेब्रुवारी २०१९ मध्ये या पेट्या चालवणाऱ्या 'रनसी' नावाच्या भागात भोक सापडलं. पेटीतला रूट त्या भोकातून बाहेरच्या यंत्राचा रूट होऊ शकत होता. पेटीतल्या प्रोग्रामला साधं खातं दिलेलं असेल, तर ही वाट बंद होती. इथे जी तरुण मुलं पेट्या बनवतात, त्यांना माझी विनंती आहे की आपल्या फाइलीत खात्याची ती एक ओळ लिहीत जा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमी एकच असतो: "सर, साध्या खात्यावर चालत नाही." खरं आहे, पहिल्यांदा चालत नाही. कुठल्या तरी फोल्डरवर लिहायची परवानगी नसते. मग काय करायचं? तो एक फोल्डर शोधायचा आणि तेवढाच द्यायचा. त्याऐवजी आपण काय करतो? सगळ्यांना सगळी परवानगी देणारा तो ७७७ चा आकडा मारतो, नाहीतर थेट रूट करतो. एका खोलीची किल्ली सापडेना म्हणून चौकटच काढून टाकतो. १०२४ च्या खालच्या दरवाजाचंही आता निमित्त उरलेलं नाही. तेवढा एकच अधिकार सुटा काढून साध्या खात्याला द्यायची सोय लिनक्समध्ये कधीची आली आहे.

दुसरा आक्षेप: "मग माझ्याच नावावर चालवतो, मी तर साधा वापरकर्ता आहे." हे तर अजिबात करू नका. माणूस नोकरी सोडतो. एचआर शुक्रवारी त्याचं खातं बंद करतं, जे योग्यच आहे. सोमवारी सकाळी डिस्पॅचची सेवा उठत नाही आणि कुणाला कळत नाही का. माणसाचं खातं माणसासाठी, सेवेचं सेवेसाठी. सेवेच्या खात्याला लॉगिन करायची सोयच ठेवू नये; तिथे कुणी माणूस बसणार नाही. आणि सेवेचा प्रोग्राम ज्या फाइलींत आहे, त्या फाइलींची मालकीही त्या सेवेकडे नको, नाहीतर आत शिरलेला माणूस प्रोग्रामच बदलून ठेवतो.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण चेहऱ्यावर दिसतो. आमच्यावर विश्वास नाही का? मालकांना वाटतं, इंजिनिअर अधिकार काढून घेतोय. इंजिनिअरला वाटतं, आपल्यावर संशय आहे. त्यांना मी आपल्याच इतिहासाकडे बोट दाखवतो. शिवछत्रपतींनी गड एका माणसाच्या हाती दिला नाही. किल्ल्या हवालदाराकडे, पहाऱ्याची माणसं सरनोबताकडे, हजेरी आणि कागद सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. ही माणसं निवडून घेतलेली, मोलाची होती. महाराजांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, असं कोण म्हणेल? पण एकजण फितला, घाबरला, आजारी पडला किंवा नुसता चुकला, तरी गड जाऊ नये, अशी ती रचना होती. ज्याच्या हातात अख्खा गड नाही, त्याच्यावर अख्ख्या गडाचा आळही येत नाही. सरांच्या बिल्ल्याचं उत्तरही हेच. वस्तू हरवली तर ते सांगू शकत होते, ही माझ्याकडे होती आणि ही नव्हती.

आळावरून एक कामाची गोष्ट. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या नोंदींमध्ये सगळ्या सेवांसमोर एकच नाव असेल, तर सहा तासांत तुम्ही काय सांगणार? नोंद म्हणेल, रूटनं फाइल पुसली. कोणत्या रूटनं? लेबलवाल्या की हिशेबवाल्या? प्रत्येक सेवेचं नाव वेगळं असेल, तर ती नोंद वाचता येते.

माझी वेळ संपत आली. वाळूजमध्ये शेकडो लहान कारखाने आहेत, जिथे आयटीचा वेगळा विभाग नाही. अकाउंटंटच सर्व्हर बघतो किंवा पुतण्या बघतो. मोठ्या कंपन्यांचे लेखापरीक्षक त्यांच्याकडे जाणार नाहीत. म्हणून हे काम इथे बसलेल्या तुम्हालाच करायचं आहे, आणि ते फुकट आहे. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, परवाना लागत नाही.

उद्या सकाळी कामावर गेलात की सर्व्हरसमोर दहा मिनिटं बसा. लिनक्स असेल तर चालू प्रोग्रामची यादी काढा आणि पहिल्या रकान्यातली नावं वाचा. विंडोज असेल तर सर्व्हिसेसची खिडकी उघडा आणि 'लॉग ऑन ॲज' हा रकाना वाचा. यंत्राची स्वतःची कामं सोडून द्या, ती त्याच नावावर राहतात. आपण बाहेरून आणून बसवलेल्या सेवा तेवढ्या बघा. ज्या सेवेसमोर रूट, लोकल सिस्टिम किंवा ॲडमिनिस्ट्रेटर दिसेल, ती कागदावर उतरवा आणि ती बसवणाऱ्याला फोन करून विचारा, हिला हे नाव का दिलं? कारण मिळालं तर कागदावर लिहून ठेवा. कारण मिळालं नाही तर आधी बॅकअप घ्या, रविवारची सुट्टी बघा आणि तिला तिचा बिल्ला द्या.